लघुग्रह खरा दिसावा म्हणून

मोबाईलवर 'लघुग्रह' असं शोधलं की समोर येणारी बहुतेक चित्रं एकाच साच्यातली असतात. एकमेकांना खेटून उडणारा तपकिरी दगडांचा थवा, त्यातल्या एकाच्या मागे आगीची शेपटी, पाठीमागे निळं-जांभळं धुकं आणि त्यात पेरलेल्या चांदण्या. चित्रं देखणी असतात, पण त्यांत खरं फार थोडं असतं. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात किलोमीटरभराहून मोठ्या दोन लघुग्रहांमधलं सरासरी अंतर दहा लाख किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांच्यातल्या अंतराच्या अडीच पट. तिथल्या एका दगडावर उभं राहिलात तर दुसरा दगड दिसलाच तर ताऱ्यासारखा ठिपका म्हणून दिसेल. १९७२ मध्ये निघालेलं पायोनियर १० हे यान हा पट्टा ओलांडणारं पहिलं यान, आणि ते काहीही न आदळता पलीकडे गेलं. ज्वाळेला हवा लागते, ती तिथे नाही. आणि ते जांभळं धुकं शेकडो-हजारो प्रकाशवर्षं लांबच्या तेजोमेघांच्या फोटोंमधून उचललेलं असतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात संगणकावर चित्रं करणारी पुष्कळ मराठी मुलं आहेत. कोणी फ्लेक्सच्या दुकानात काम करतं, कोणी लग्नाचे अल्बम लावतं, कोणी गणपतीच्या देखाव्यांचे पडदे करतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि पुढच्याच महिन्यात गणपती आले. त्यानंतर माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचे प्रश्न बदलले. 'चंद्र कसा करायचा' याऐवजी 'खरा चंद्र कसा करायचा' असं विचारू लागली. हा लेख त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे. चंद्राऐवजी लघुग्रह घेतले आहेत, कारण त्यांच्या बाबतीत चुकीच्या चित्रांचा सुळसुळाट सगळ्यात जास्त आहे आणि खरी माहिती मात्र फुकट मिळते.

शास्त्रीयदृष्ट्या अचूक चित्र म्हणजे फोटोसारखं गुळगुळीत चित्र नव्हे. चित्रातल्या कुठल्याही गोष्टीवर बोट ठेवून 'हे तुला कसं कळलं?' असं कोणी विचारलं, तर उत्तर देता आलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर तीनपैकी एक असेल: हे कुणीतरी मोजलेलं आहे, किंवा मोजलेल्यावरून काढलेलं अनुमान आहे, किंवा ही माझी कल्पना आहे. तिन्ही उत्तरं चालतात. तिन्हींची भेसळ करून ती सगळी मोजलेली असल्यासारखी दाखवणं चालत नाही.

हवा काढून टाका

सगळ्यात मोठी अडचण सॉफ्टवेअरची नसून आपल्या डोळ्यांची आहे. आपले डोळे हवेत वाढलेले आहेत. जांबोटीहून चोर्ल्याकडे जाताना सह्याद्रीच्या रांगा बघा. पहिली हिरवी, दुसरी निळसर, तिसरी फिकट, चौथी जवळजवळ आकाशात मिसळलेली. निसर्गचित्राच्या वर्गात पहिल्या महिन्यात हेच शिकवतात की लांबचं फिकट करा, कडा मऊ करा. हे सगळं हवेमुळे घडतं, कारण मधली हवा उजेड विखुरते. लघुग्रहावर हवा नाही, त्यामुळे पाच मीटरवरचा धोंडा आणि पाचशे मीटरवरचा धोंडा दोन्ही सारखेच ठसठशीत, सावल्याही सारख्याच काळ्या. अपोलोचे अंतराळवीर चंद्रावर अंतराचा अंदाज घेताना चकत होते ते याचमुळे.

मग चित्रात खोली आणायची कशी? एकामागे एक येणाऱ्या आकारांनी, सावल्यांच्या लांबीने आणि क्षितिजाने. क्षितिजाकडे फार कमी लोक लक्ष देतात. बेन्नू हा लघुग्रह सुमारे ४९० मीटर रुंद आहे. तो गुळगुळीत गोळा आहे असं धरून माणसाच्या उंचीवरून पाहिलं, तर क्षितिज जेमतेम तीसेक मीटरवर येतं. पृथ्वीवर हेच अंतर साडेचार किलोमीटरच्या पुढे असतं. बेन्नूवर उभ्या असलेल्या यानाच्या मागे मैलोन्मैल पसरलेलं पठार दाखवलं की चित्र तिथेच चुकलं.

आता दिवा. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फाइल उघडली की 'वर्ल्ड'ला, म्हणजे भोवतालच्या आकाशाला, गडद करडा रंग दिलेला असतो. तो आधी पूर्ण काळा करा. आपल्याकडे भर दुपारी झाडाच्या सावलीतही पेपर वाचता येतो, कारण सगळं आकाश वरून उजेड टाकत असतं. अवकाशात आकाश काळं असल्यामुळे सावलीत उजेड फक्त आजूबाजूच्या उन्हातल्या जमिनीवरून उसळून येतो. जमीन काळी असेल तर तोही नगण्य. म्हणून बेन्नूवरच्या सावल्या जवळपास कोळशासारख्या, तर वेस्टासारख्या उजळ लघुग्रहावर विवराची सावलीतली भिंत समोरच्या भिंतीच्या उजेडाने थोडी उजळलेली दिसते. हा हिशोब रेंडर इंजिन, म्हणजे अंतिम चित्र तयार करणारा सॉफ्टवेअरचा भाग, आपोआप करतं, तुम्ही फक्त मध्ये जादा दिवे घुसवू नका. कडेला चमकदार रेघ यावी म्हणून मागून दिवा लावायची सवय फोटो स्टुडिओतून येते. सूर्य एकच आहे, आणि जवळ एखादा ग्रह नसेल तर दुसरा दिवा कुठून आला याचं उत्तर तुमच्याकडे नसेल.

सूर्य-दिव्याला 'अँगल' नावाचा आकडा असतो. आकाशात सूर्य किती रुंद दिसतो, ते हा आकडा सांगतो. पृथ्वीजवळ तो सुमारे ०.५३ अंश आहे. लघुग्रहांच्या पट्ट्यातला सेरेस सूर्यापासून आपल्या २.७७ पट लांब, म्हणून तिथे तो ०.१९ अंश. आकडा जितका लहान, तितकी सावलीची कड तीक्ष्ण. एवढा एक आकडा नीट घातला की चित्र बदललेलं लगेच जाणवतं.

लांब म्हणून तिथे अंधार असेल असंही समजू नका. सेरेसजवळ ऊन आपल्या तुलनेत आठव्या हिश्शाच्या आसपास असतं, आणि डोळ्यांना तो लख्ख दिवसच वाटेल. आपल्या पावसाळ्यातल्या भरून आलेल्या दुपारी याहून कमी उजेड असतो. पट्ट्यातला लघुग्रह संधिप्रकाशात रंगवण्याचं काही कारण नाही.

उरल्या चांदण्या. यावर वाद हमखास होतो.

"सर, चांदण्या नाही घातल्या तर फ्लेक्स मोकळा दिसतो की हो."

मोकळा दिसू दे. हिशोब असा आहे. भर उन्हातल्या वस्तूचा फोटो साधारण एफ १६ (भिंगाचं भोक), आयएसओ १०० (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग एवढ्यात निघतो. रात्री तारे टिपायला एफ २.८, आयएसओ ३२०० आणि पंधरा सेकंद लागतात. तिन्ही फरकांचा गुणाकार केला तर तो २० लाख पटींच्या आसपास जातो. ज्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात जेवढा उजेड घेतल्यावर, तारे येतील त्यात दगड पांढरा धोप होईल, आणि ज्यात दगड नीट दिसेल त्यात तारे उमटणार नाहीत. विक्रम लँडरने पाठवलेल्या फोटोंमध्ये आकाश निव्वळ काळं आहे ते याचमुळे. चांदण्या हव्याच असतील तर लघुग्रहाची रात्रीची बाजू दाखवा, उन्हाची बारीक कोर सोडा आणि एक्स्पोजर तसं वाढवा. मग तारे घालायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दगड कुठला वापरणार?

बेळगावात दगडाला तोटा नाही. खाली दख्खनचा काळा दगड, वर जांभा. त्यामुळे मुलं मोबाईलवर दगडाचे फोटो काढून आणतात आणि टेक्श्चर म्हणून, म्हणजे वरची कातडी म्हणून, लघुग्रहावर गुंडाळतात. जांभ्याचा चिरा तर फार मोह घालतो, कारण त्याला भोकंच भोकं असतात आणि ती लांबून विवरांसारखी वाटतात. चिरा हातात घेऊन नीट बघा. भोकं एकमेकांना आतून जोडलेली, वेडीवाकडी, कडा झिजलेल्या, आत पिवळी-तांबडी माती. लाखो पावसाळ्यांत पाण्याने दगडातले विरघळणारे घटक धुऊन नेले आणि मागे लोह-ॲल्युमिनियमची संयुगं राहिली, त्यातून हा दगड झाला. त्याचा लाल रंग हा पावसाचा आणि हवेचा पुरावा आहे. विवर मात्र वरून आदळल्याने होतं: गोल, उथळ वाटीसारखं, भोवती उचललेली कड. जांभ्याचं टेक्श्चर लघुग्रहाला लावलं की नकळत तुम्ही तिथे पाऊस पाडता.

काळा दगड जास्त जवळचा, पण तोही जपून वापरावा. खाणीत नुकता फुटलेला, पाणी न लागलेला, शेवाळाचा डाग नसलेला तुकडा घ्या. ढगाळ दिवशी फोटो काढा, म्हणजे फोटोत उन्हाची सावली छापली जाणार नाही. ती छापली गेली तर चित्रात दोन सूर्य होतात, एक तुमच्या दिव्याचा आणि एक त्या दिवशीचा.

रंगापेक्षा काळेपणा महत्त्वाचा. पडलेल्या उजेडापैकी किती परत येतो हे मोजलेलं असतं: बेन्नू ४.४ टक्के, र्युगू साधारण तितकाच, सेरेस ९ टक्क्यांच्या आसपास, आपला चंद्र १२, वेस्टा ४० टक्क्यांच्या वर. बेन्नू कोळशाइतका काळा आहे. ब्लेंडरच्या नोडमध्ये, म्हणजे आकडे भरायच्या चौकटीत, रंगाची किंमत ०.०४४ घातली तर पडद्यावरच्या ० ते २५५ च्या मापात ती ५९ च्या आसपास येते. मुलं ती बघून घाबरतात आणि रंग उजळ करतात. रंगाला हात लावू नका, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर वाढवा. यानाने काढलेल्या फोटोंमध्ये बेन्नू मध्यम करडा दिसतो तो एक्स्पोजरमुळेच. पडताळा सोपा आहे. त्याच दृश्यात एक पांढरं यान ठेवा. दगड नीट दिसतो तेव्हा यान जळून पांढरंफटक झालं पाहिजे. दोन्ही एकाच वेळी छान दिसत असतील तर कुठेतरी काळेपणा चुकलेला आहे.

रंगछटांचं म्हणाल तर बहुतेक लघुग्रह करडेच. इटोकावा, इरॉस यांच्यासारख्यांना किंचित तांबूस झाक आहे, बेन्नूला किंचित निळसर. बातम्यांमध्ये दिसणारे भडक निळे-लाल लघुग्रह शास्त्रज्ञांनी फरक कळावा म्हणून मुद्दाम रंग ताणून केलेले असतात.

आता एक बारकावा, जो मला स्वतःला फार आवडतो. पौर्णिमेला गच्चीवर जाऊन चंद्र बघा. तो चेंडू आहे, तरी थाळीसारखा सपाट दिसतो, कडेला गडद होत जात नाही. संगणकातला नेहमीचा मॅट गोळा समोरून उजेड दिला की कडांना काळवंडतो. फरक पडतो पृष्ठभागामुळे. चंद्राची आणि लघुग्रहांची वरची कातडी बारीक धूळ, खडे, दगड यांनी भरलेली, अतोनात खडबडीत आहे. सूर्य तुमच्या पाठीशी असतो तेव्हा प्रत्येक कणाची सावली त्याच कणामागे लपते आणि सगळं एकदम उजळतं. सूर्य बाजूला गेला की लाखो बारीक सावल्या उघड्या पडतात आणि उजेड झपाट्याने उतरतो. त्यामुळे अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्म्याने उजळ नसतो, तो दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. ब्लेंडरच्या डिफ्यूज शेडरमध्ये (मॅट पृष्ठभागाच्या सेटिंगमध्ये) 'रफनेस' वाढवला की याच्या जवळ जाता येतं, पण खरा उपाय म्हणजे बंपवर, म्हणजे उंचवट्यांच्या नुसत्या भासावर, न भागवता डिस्प्लेसमेंट वापरून खरोखरचे उंचवटे तयार करणं. मग सावल्या आपोआप पडतात आणि आपोआप लपतात. आणि चकाकी शून्य ठेवा. लघुग्रह ओला नसतो.

धातूच्या लघुग्रहाबद्दलही तेच. सायकी हा सुमारे २२० किलोमीटर रुंदीचा लघुग्रह धातूने समृद्ध असावा असं मानतात, म्हणून मुलं तो मोटारसायकलच्या सायलेन्सरसारखा चकचकीत करतात. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या कुठल्याही फौंड्रीच्या दारात वाळूच्या साच्यातून नुकतं काढलेलं कास्टिंग पडलेलं असतं, ते बघा. लोखंडच ते, पण अंगावर करडा, खरबरीत, उजेड पिऊन टाकणारा थर. पॉलिश मशीनवर गेल्याशिवाय ते चमकत नाही. अवकाशात पॉलिश करायला कोणी नाही, उलट कोट्यवधी वर्षं बारीक कणांचा मारा चालू आहे. शिवाय सायकीची घनता शुद्ध लोखंडाच्या निम्म्याच्या आसपास भरते, म्हणजे त्यात खडक तरी मिसळलेला आहे किंवा पोकळी तरी आहे, कदाचित दोन्ही.

आकार कुठून आणायचा

आकार मनाने काढायची गरज आता फारशी उरलेली नाही. लघुग्रह फिरताना त्याचा उजेड कमी-जास्त होतो. लांबट असेल तर आडवा आला की जास्त, उभा आला की कमी. वर्षानुवर्षं हा चढउतार नोंदवून गणिताने आकार काढतात. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने अशा आकारांचा 'डॅमिट' नावाचा संग्रह सर्वांसाठी खुला ठेवला आहे. जवळून जाणाऱ्यांवर रडारच्या लहरी सोडून अधिक नेमका आकार मिळतो. आणि जिथे यान जाऊन आलं, तिथले आकार तर सेंटिमीटर-मीटरपर्यंतच्या बारकाव्यांसह नासाच्या ग्रहविज्ञान संग्रहात आहेत, ब्लेंडरमध्ये थेट उघडता येतात. संगणकातला आकार छोट्या त्रिकोणांचा बनलेला असतो; साधा लॅपटॉप असेल तर कमी त्रिकोणांचं मॉडेल घ्या. मोठं मॉडेल मशीनचा श्वास कोंडतं आणि लांबून फरक दिसतही नाही.

पण मिळालेला आकार कुठवर खरा आणि कुठून पुढे तुमचा, हे ओळखायला शिकणं महत्त्वाचं. बेन्नूची गोष्ट याचं उत्तम उदाहरण आहे. यान जाण्याआधी अरेसिबो आणि गोल्डस्टोन इथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींच्या रडारने त्याचा आकार काढला होता: भोवऱ्यासारखा, मधोमध फुगीर, अंगावर एक मोठा धोंडा. त्यावरून चित्रं झाली. पृष्ठभागाचं तापमान किती लवकर बदलतं ते पाहून असंही अनुमान निघालं होतं की वर बराचसा बारीक खडीसारखा थर असावा, म्हणून चित्रांत बेन्नू बऱ्यापैकी सपाट, वाळूच्या किनाऱ्यासारखा दिसे. डिसेंबर २०१८ मध्ये नासाचं ओसायरिस-रेक्स हे यान तिथे पोहोचलं. भोवऱ्याचा आकार जवळपास हुबेहूब निघाला. किनारा मात्र नव्हताच, सगळीकडे धोंडेच धोंडे, उतरायला जागा शोधताना मोहिमेची माणसं हैराण झाली. नंतर लक्षात आलं की ते धोंडेच इतके सच्छिद्र आहेत की उष्णतेच्या बाबतीत बारीक खडीसारखे वागतात. २० ऑक्टोबर २०२० ला यानाचा हात जमिनीला टेकला तेव्हा तो जवळपास अर्धा मीटर आत गेला, कारण कण एकमेकांना धरूनच नव्हते. २४ सप्टेंबर २०२३ ला १२१.६ ग्रॅम नमुना पृथ्वीवर आला.

त्या जुन्या चित्रकारांना मी चुकीचं म्हणणार नाही. त्यांनी आकार मोजलेल्यावरून घेतला, पोत अनुमानावरून. मोजलेलं टिकलं, अनुमान बदललं. याच्या उलट उदाहरण चंद्राच्या डोंगरांचं. चेस्ली बोनस्टेल हा अमेरिकेतला फार मोठा अवकाश-चित्रकार, पण त्याचे चंद्रावरचे डोंगर सुळक्यांसारखे टोकदार असत. त्याच्याही आधी फ्रान्सचा ल्युसियाँ रुदो याने ते गोलसर, बुटके काढले होते, कारण तो दुर्बिणीतून चंद्राची कड निरखत असे आणि तिथे सुळके दिसत नव्हते. अपोलोचे फोटो आले तेव्हा रुदो बरोबर ठरला. पुरावा दोघांनाही उपलब्ध होता.

मॉडेलच्या पलीकडचा बारीक तपशील तुम्हालाच भरावा लागतो. तिथे निसर्गाचा एक नियम हाताशी ठेवा. बेन्नू, र्युगू, इटोकावा या तिन्हींवर धोंड्यांचा आकार निम्मा केला की त्यांची संख्या ढोबळमानाने सात-आठ पट होते. म्हणजे दहा मीटरचा एक धोंडा असेल तर पाच मीटरचे आणि त्याहून मोठे मिळून सात-आठ, अडीच मीटरपर्यंत मोजले तर पन्नास-साठ. नुसतं नॉइज टेक्श्चर, म्हणजे संगणकाने आपोआप केलेला खडबडीतपणा, लावलं की सगळे उंचवटे एकाच मापाचे येतात आणि डोळा ते लगेच पकडतो, कारण सांगता आलं नाही तरी. जिओमेट्री नोड्समध्ये (ब्लेंडरमधल्या वस्तू पसरवायच्या सोयीत) धोंडे टाकताना मापं या नियमाने वाटा, काही अर्धे पुरा, बारीक खडी सखल भागांत जमवा. इटोकावाचे गुळगुळीत पट्टे तसेच सखल भागांत आहेत.

विवरं जवळपास नेहमी गोलच, आदळणारा दगड तिरका आला तरी. फारच आडवा आला तरच लांबट होतात. नवं विवर जुन्याला कापतं, जुनं नव्याला नाही. हा क्रम सांभाळा.

हलतं चित्र

ॲनिमेशन करणाऱ्यांनी फिरण्याचा वेग आधी शोधावा. बेन्नू ४.३ तासांत एक फेरी मारतो, म्हणजे तिथल्या सावल्या आपल्याकडच्यापेक्षा साडेपाच पट वेगाने सरकतात. दोनएकशे मीटरहून मोठा लघुग्रह सहसा २.२ तासांपेक्षा वेगाने फिरत नाही. असे बरेच लघुग्रह नुसते धोंड्यांचे ढीग असतात, त्याहून वेगात फिरले तर विस्कटतील. गरगर फिरणारा डोंगराएवढा दगड बघायला भारी वाटतो, पण तो टिकलाच नसता.

धूळही हवेसारखी वागवू नका. ट्रकमागे उडते तशी लोळ-लोळ फिरणारी धूळ व्हायला हवा लागते. तिथे प्रत्येक कण सुटतो तो सरळ आपल्या वाटेने जातो. बेन्नूवर सेकंदाला वीसेक सेंटिमीटर वेगाने फेकलेला खडा परत येत नाही. आपला चालण्याचा वेगही याच्या कित्येक पट असतो. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट हे यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं, तेव्हाचे फोटो बघा. उडालेला माल शंकूसारखा उघडत गेला, त्यात लांब लांब धागे. पुढे हजारो किलोमीटरची धुळीची शेपटीही झाली, पण ती आगीची नव्हती. सूर्यप्रकाशाच्या रेट्याने बारीक धूळ सूर्याच्या उलट दिशेला ढकलली गेली. शेपटी कुठल्या दिशेला काढायची ते यावरून ठरतं.

डायनोसॉर नष्ट झाले त्या आघाताचं चित्र तर प्रत्येकाला काढायचं असतं, आणि इथे आपल्या पायाखालच्या जमिनीचाही संबंध येतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातानजवळ दहाएक किलोमीटरचा लघुग्रह आदळला. त्याच सुमारास आपल्या भागात दख्खनचे लाव्हा वाहत होते, बेळगावचा काळा दगड त्यातलाच. मुलं एकाच चित्रात डायनोसॉर, लांब शेपटीचा आगीचा गोळा आणि मागे टोकदार ज्वालामुखी घालतात. दख्खनचा लाव्हा टोकदार डोंगरातून उडाला नाही, तो लांबच लांब भेगांतून वर येऊन थरावर थर पसरला, म्हणून तर सह्याद्रीच्या डोंगरांना पायऱ्या आहेत. आणि तो लघुग्रह सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने आला. वातावरण ओलांडायला त्याला पाच-सहा सेकंद पुरले. पुढचं टोक जमिनीला लागलं तेव्हा मागचं टोक विमानं उडतात तेवढ्या उंचीवर होतं. आकाशात रेंगाळणारा गोळा आणि त्याकडे मान वर करून बघणारा डायनोसॉर ही दोन्ही एका चित्रात बसवायला वेळच नव्हता.

चित्राखाली काय लिहायचं

२०१७ मध्ये ओउमुआमुआ हा दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला पाहुणा सापडला. त्याचं लांबट, विडीसारखं तांबूस चित्र जगभर फिरलं, आणि आज लोक ते फोटो समजतात. दुर्बिणींना तो फक्त ठिपका दिसला होता. ठिपक्याचा उजेड खूप कमी-जास्त होत होता, एवढंच मोजलेलं. त्यावरून लांबट आकार निघतो, तसाच भाकरीसारखा चपटाही निघतो, आणि पुढच्या अभ्यासांत चपट्या आकाराकडे कल गेला. चित्र प्रसिद्ध करणाऱ्यांनी ते कलाकाराची कल्पना असल्याचं लिहिलं होतं, पण चित्र फिरत गेलं तशी ओळ गळून पडली.

सायकीचं तसंच होऊ शकतं. त्याच्याकडे निघालेलं यान १३ ऑक्टोबर २०२३ ला सुटलं, ते २०२९ मध्ये पोहोचायचं आहे. तोवर सायकीचं जवळून कोणी काही पाहिलेलं नाही. काढायचा असेल तर दोन वेगवेगळी चित्रं काढा, एक धातू जास्त असलेलं, एक खडक जास्त असलेलं, आणि दोन्ही शेजारी लावा. बघणाऱ्याला न सांगता कळतं की अजून ठरलेलं नाही.

एआयकडून चित्र काढून घेणार असाल तर जास्तच सावध राहा. ती यंत्रं इंटरनेटवरच्या त्याच थवा-शेपटी-चांदण्यांच्या चित्रांवर शिकली आहेत, म्हणून तेच परत देतात. नुसतं 'अचूक काढ' म्हटल्याने फरक पडत नाही.

चित्राखालची ओळ फाइलच्या नावात न ठेवता चित्रातच, खालच्या कोपऱ्यात, वाचता येईल एवढ्या अक्षरात ठेवा. बेन्नूच्या चित्राला मी मुलांना अशी ओळ लिहायला लावतो: "आकार: ओसायरिस-रेक्सच्या मोजमापांवरून. काळेपणा: ४.४ टक्के, मोजलेला. मीटरभराहून लहान दगड: चित्रकाराचे, मापांची वाटणी बेन्नूवरच्या नियमाने. सूर्य: डावीकडून, क्षितिजापासून वीस अंश वर. एक्स्पोजर दगडासाठी, म्हणून तारे नाहीत." फ्लेक्स छापणाऱ्या दुकानदाराला एवढा मजकूर नको वाटतो, पण अक्षर बारीक केलं तर तोही मान्य करतो.